सुकापूरची खोली आणि मशीनची घरघर

१२ एप्रिल २०२५, शनिवार

माझ्या कामावरच्या अनुया मॅडम म्हणाल्या, रोज अर्धं पान तरी लिहीत जा, म्हणजे तुझे मेल वाचताना माझं डोकं दुखणार नाही. नववीत शाळा सोडल्यापासून मी सलग पानभर काही लिहिलेलं नाही. वही घेतली. कोणी वाचणार नाही असं धरून लिहितो.

आज सुकापूरला खोली बदलली. वर्षातली चौथी. करंजाड्याला एका फ्लॅटमध्ये पाच पोरं होतो, त्यांनी मला मशीनसकट बाहेर काढलं. म्हणे तुझा कॉम्प्युटर आहे का पिठाची गिरणी? त्यांचं खोटं नाही. माझा प्रोसेसर जुना, सेकंडहँड. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मी त्याला जास्त पळवतो. ओव्हरक्लॉक म्हणतात. बैलाला तुतारीच्या काठीचा खिळा टोचून पळवावं तसं. पळतो, पण तापतो, आणि तापला की त्याच्या डोक्यावरचा पंखा बोंबलत सुटतो. नाही पळवला तर मॅडमची एक फिल्म निघायला तीन दिवस जातात.

फिल्म म्हणजे अजून न बांधलेल्या बिल्डिंगची. हॉल, किचन, बाल्कनी, कॅमेरा फिरत जातो. गिऱ्हाईक ते बघून फ्लॅट बुक करतं. कळंबोलीच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलता उचलता मोबाईलवर बघून हे शिकलो. एक महिना ट्रायल आहे. चार फिल्म वेळेत दिल्या की कायम. त्याला एकच गोष्ट पाहिजे, जिथून कोणी उठवणार नाही अशी खोली. ही जाऊ द्यायची नाही. काही झालं तरी.

मालकीण गोदूबाई, सत्तरीची आगरी आजी. पूर्वी यांचं मिठागर होतं, ते प्रकल्पात गेलं. आता घर आणि बाजूच्या दोन खोल्या. व्यवहार मुलगी बघते, किशोरीताई, पस्तिशीची, बालवाडीवर शिकवते. भाडं ऐकून मीच विचारलं, एवढं कमी काहून?

"भावाची खोली हाय," ती म्हणाली. "आई द्यायला तयारच नव्हती. तुला बघून काय वाटलं कोण जाणे, हो बोलली. एक सांगते, आईची खोली भिंतीला लागून हाय. गडबड चालणार नाय."

"भाऊ कुठं असतात?"

"जहाजावर."

खोलीत लोखंडी टेबल आहे, भावाचंच. भिंतीत ठोकून बसवलेलं. हलत नाही. मशीन त्यावरच ठेवली.

१५ एप्रिल

मशीन फक्त दिवसा चालवायची ठरवलं. रात्री आजी झोपते. पण दिवसा पत्र्याखाली नुसती भट्टी. दुपारी दोनला प्रोसेसर शहाण्णव डिग्री. शंभरला आपोआप बंद पडतो. पंख्याचा आवाज इतका, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता.

तीन वाजता दार उघडलं तर बाहेर पायरीवर आजी. भिंतीला पाठ टेकून बसलेली. मी गडबडलो.

"आजी, आवाजाचा त्रास होतो का?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "काल बंद का केलंस?"

टोमणा कळतो मला. आमच्याकडं मेहकरला काकू असंच बोलते. उशिरा उठलं की म्हणते, झोपा की अजून, घाई काय? मी सॉरी म्हणालो आणि मशीन बंद केली. आजी आणखी थोडा वेळ बसली आणि उठून गेली. फिल्म साठ टक्क्यांवर राहिली.

१६ एप्रिल

आज पण तीन वाजता. काही बोलली नाही. तळहात भिंतीवर ठेवून बसली. गडबड केली तरी तोंडावर न बोलणारी माणसं जास्त बेकार. एक दिवस सरळ पिशवी बाहेर ठेवतात.

१९ एप्रिल

एक गंमत दिसली. टेंपरेचर बघायचं सॉफ्टवेअर दिवसभराची रेघ काढून ठेवतं. तीन दिवस बघतोय, आजी येऊन बसली की रेघ खाली येते. शहाण्णवची अठ्ठ्याऐंशी. उठून गेली की परत वर. पंख्याचा वेग तोच, फिल्म तीच.

खूप विचार केला. ती यायला निघते तेव्हा तिचं दार उघडं राहतं, तिकडून वारा येत असेल. म्हणजे खोलीत हवा खेळती पाहिजे एवढंच. पण वारा तर मला लागला नाही. मी बनियनवर निथळत होतो.

घरी फोन केला. माय म्हणाली, "कायची घरघर व्हऊन राह्यली रे? तू बोलतो ते समजतच नाही." मशीन बंद करून बोललो. तिला बरं वाटलं.

२२ एप्रिल

जुन्या पनवेलात दिनानाथ काकांचं दुकान आहे, जुन्या कॉम्प्युटरच्या सामानाचं. माणूस चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो, पण मशीनमधलं सगळं कळतं. तासभर उभा राहिलो.

मी म्हणालो, पाण्याचं कूलिंग द्या, व्हिडिओत दाखवतात ते. ते हसले.

"नवीन घ्यायची तुझी ऐपत नाही, आणि जुनं मी तुला देणार नाही. गळलं तर मशीन पण जाईल आणि तू माझ्या नावानं शिमगा करशील. शिवाय त्याचा पंप गुणगुणतो. तुला काय पाहिजे, थंड का शांत?"

"दोन्ही. आणि स्वस्त."

"बायको पण अशीच शोध," ते म्हणाले.

मग नीट समजावलं. माझा पंखा चार बोटांचा, तो मिनिटाला तीन हजार फेरे मारतो. आवाज त्याचाच. त्याच्या जागी धातूच्या पट्ट्यांचा उंच मनोरा बसवायचा आणि वर वीतभर पंखा. मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढीच हवा ढकलतो. "लहान पोर धावत येतं, मोठा माणूस चालत येतो. पोचतात दोघं एकदमच." अडीच हजार. जुना पंखा परत घेऊन दोनशे कमी. पैसे पगारावर. तोपर्यंत फुकटातलं करायला सांगितलं: प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची, व्होल्टेज एक घर कमी करायचं, आणि कॅबिनेटच्या पेटीखाली रबर घालायचं.

"टेबल भिंतीला आहे ना? मग तुझी अर्धी घरघर भिंतीतून पलीकडे जाते. म्हातारी आवाज कानानं नाही, भिंतीनं ऐकत असणार."

रबर विकत कशाला घ्यायचं? माझी जुनी स्लीपर कापली.

२४ एप्रिल

पेस्ट, व्होल्टेज, स्लीपरचे चार तुकडे. शहाण्णवचे नव्वद. आवाज आहे, पण टेबल थरथरत नाही. ग्लासातलं पाणी स्थिर.

तीन वाजता आजी आली, भिंतीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला, वर ठेवला, खाली ठेवला. वायरमन भिंतीतली तार शोधतो तसं. मग सरळ आत आली आणि कॅबिनेटला कान लावून उभी राहिली.

"आजी, गरम आहे, भाजेल."

"गप," ती म्हणाली. मला नाही. म्हणजे मला असेल, पण माझ्याकडं बघत नव्हती. खूप गर्दीत फोनवर बोलताना आपण बाजूच्याला गप करतो, तसं म्हणाली.

दहा मिनिटांनी गेली. जाताना म्हणाली, "लांब गेलाय."

अजून चिडलेलीच आहे. दोन फिल्म झाल्या, दोन राहिल्या. पहिली तारीख आली की मनोरा आणतो. एकदा कायमचं गप्प करतो.

२८ एप्रिल, सोमवार

पगाराची वाट बघवली नाही. मॅडमकडून उचल घेतली. दिनानाथ काकांनी मनोरा दिला, जुना पंखा घेतला आणि माझ्यासमोरच तो दुसऱ्या कुणाच्या मशीनला बसवला.

बसवायला दोन तास गेले. मनोरा इतका उंच की कॅबिनेटचं झाकणच लागेना. राहू दे उघडं.

चालू केली. पहिल्यांदा वाटलं चालूच झाली नाही. मग पडद्यावर उजेड आला. पंखा फिरताना दिसतो, ऐकू येत नाही. पूर्ण लोड, भर दुपार, शहात्तर. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. एवढी शांत खोली माझ्या वाट्याला कधीच आली नव्हती. उठून नाचलो थोडा.

आजी तीन वाजता आली नाही.

मनात म्हटलं, जिंकलो.

३० एप्रिल

आजी आलीच नाही. भिंतीपलीकडून मात्र बारीक आवाज येतो. ती भिंतीवर बोटांनी वाजवते. टक टक. थांबते. टक टक. काल दुपारभर. मी उलट वाजवावं का कळेना. एकदा वाजवलं. पलीकडं एकदम शांत झालं, आणि मग ती जोरात म्हणाली, "कोन हाय?"

मी म्हणालो, "मी हृतिक, आजी."

मग भांडं पडल्याचा आवाज.

३ मे

किशोरीताई आली. दारातच उभी राहिली. मला वाटलं झालं, खोली गेली.

"काय केलंस रे तू?"

"आवाज बंद केला, ताई. पूर्ण. ऐका तुम्ही."

तिनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आईनं पाच दिवस झाले जेवण सोडलंय. चहा तेवढा घेते. कान भिंतीला लावून बसते. तुला कोणी सांगितलं आवाज बंद करायला?"

"तुम्हीच. गडबड चालणार नाही म्हणाला होतात."

"गडबड म्हणजे पोरं आणून दारू-बिरू! मशीनचं कोण बोललं?"

मग ती टेबलाला टेकली आणि सांगितलं. भाऊ धनेश जहाजावर इंजिनच्या खोलीत कामाला होता. तिथूनच फोन करायचा. फोनमध्ये नुसती इंजिनाची घरघर, आणि तिच्या खाली कुठंतरी तो बोलायचा. किशोरीताईला शब्द कळायचा नाही, आईला सगळं कळायचं. शेवटचा फोन आठ वर्षांपूर्वी. अकरा मिनिटं. सगळी घरघर. आठवड्यानं कंपनीचं पत्र आलं, माणूस जहाजावर सापडत नाही. त्यानंतर काहीच नाही, ना सामान, ना काही.

"तू मशीन लावलीस त्या दिवशी आई दोन वेळा जेवली. आठ वर्षांत पहिल्यांदा मागून घेतलं. रोज दुपारी येऊन ऐकायची. बोलायची मला, धनेश बोलतोय, नीट कळत नाय अजून, पण बोलतोय. वेडी झाली असं मी धरलं. पण जेवत होती ना रे!"

मी तीन आठवडे एका म्हातारीचा फोन कापत होतो.

"परत लाव तो आवाज," ती म्हणाली. "कसा पण लाव."

४ मे

दिनानाथ काकांकडं धावलो. जुना पंखा गेलेला, मशीनसकट, कर्जतला की कुठं. तसाच दुसरा मागितला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"अरे, लोक शांततेसाठी पैसे मोजतात."

"काका, द्या. विचारू नका."

मनोरा उतरवला, पंखा बसवला, रबर काढलं, कॅबिनेट भिंतीला भिडवलं. वेग आधीपेक्षा वाढवला. अठ्ठ्याण्णव. टेबल धडधडायला लागलं.

किशोरीताईनं आजीला धरून आणलं. सात दिवसांत एवढंसं झालं होतं माणूस. तिनं तळहात ठेवला, डोळे मिटले.

"यो नाय," ती म्हणाली. "यो निसता पंखा हाय."

आणि परत गेली.

५ मे

चौथी फिल्म द्यायला तीन दिवस उरले. मनोरा परत बसवला. काम तरी होऊ दे. आजीचं ताट झाकलेलं परत जाताना दिसतं. किशोरीताई मला काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं. खोली सोडायला सांगितली असती तरी बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

६ मे, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी दोनला लाईट गेली. सगळ्या गल्लीची. मशीन बंद, छताचा पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद. पाण्याची मोटरसुद्धा नाही. मी फरशीवर पडलो होतो.

थोड्या वेळानं घरघर ऐकू आली.

वाटलं, हायवेला ट्रक असेल. पण ट्रक जातो. हे जात नव्हतं. उठून कॅबिनेटवर हात ठेवला. गप्प. पंख्याचं पातं बोटानं हलवून बघितलं, हललं आणि थांबलं. मग भिंतीवर हात ठेवला. भिंत थरथरत होती. गार होती, मे महिन्यात. ओलसर. हात तोंडावरून फिरवला तर ओठ खारट लागले. मिठागराची जमीन, भिंतीत मीठ येणारच. त्याचं काही नाही.

पलीकडं आजी बोलत होती. नीट, मोकळ्या आवाजात.

"जेवते रं. जेवीन आज." थांबली. घरघर. "किशोरी बरी हाय. लगीन नाय केलं तिनं. मी काय करू?" थांबली. हसली. "मीठ कुठलं आता? आता सगल्या बिल्डिंगी."

ताईचा मोबाईल असेल तिच्याकडं, असं म्हटलं. कोणी नातेवाईक असेल. मी कान लावला. लावायला नको होता, दुसऱ्याचं बोलणं ते. पण लावला. घरघरीच्या खाली, खूप खोल, पत्र्याच्या डब्यात बोलावं तसा पुरुषाचा आवाज होता. शब्द सुटत नव्हते. मग सुटले.

"आये, माझ्या खोलीत कोन हाय?"

मी कान काढला नाही. काढता आला नाही.

"भाड्याचा पोरगा हाय," आजी म्हणाली. "गरीब हाय बिचारा, लांबचा. त्यानंच आवाज लावला म्हनून तुला वाट गावली. तू ये. मी मोकली करते."

साडेतीनला लाईट आली. मशीन चालू केली. खोलीतल्या घड्याळातल्या थर्मामीटरवर सदतीस, आणि प्रोसेसर दाखवत होता अकरा. सेन्सर गेला असेल. दिनानाथ काकांना विचारायला पाहिजे. हवेचा पंखा खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, एवढं मला पण कळतं.

चारला पलीकडून ताटाचा आवाज आला. आजी जेवत होती.

७ मे

चौथी फिल्म दिली. एक दिवस आधी. प्रोसेसर अकरावरच होता, म्हणून भीत भीत वेग वाढवत नेला. जितका दिला तितका त्यानं घेतला. मॅडमचा फोन आला, हृतिक, तू कायम. अजून काय काय म्हणाल्या, लक्ष नव्हतं. पलीकडं आजी फरशी घासत होती आणि काहीतरी गुणगुणत होती.

संध्याकाळी किशोरीताई आली. नजर खाली.

"हृतिक, कसं बोलू? तू भाडं वेळेवर देतोस, तुझं काय चुकलं नाय. पण आई ऐकत नाय. खोली पाहिजे बोलते. धनेश येतोय बोलते." ती हसायला गेली, जमलं नाही. "मला ठाऊक हाय कोण येणार नाय. पण ती जेवतेय. चार दिवसांपूर्वी मी तिच्या सलाईनचं बघत होते. तू सांग, मी काय करू?"

मी तिला काल ऐकलेलं सांगणार होतो. तोंड उघडलं पण. मग म्हणालो, "उद्या टेम्पो बघतो, ताई."

८ मे, गुरुवार

हे पायरीवर बसून लिहितोय, टेम्पोवाला दोरी बांधतोय तोवर. दिनानाथ काकांच्या दुकानावर एक पोटमाळा आहे, तिथं जातोय. ते म्हणाले, किती पण बोंबल, खाली मीच असतो आणि मला एका कानानं कमी येतं.

सकाळपासून आजीनं मला काही उचलू दिलं नाही, आधी जेव म्हणाली. समोर बसून वाढलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. "तुझी आय कुठं हाय?"

"मेहकरला, आजी."

"तिला फोन कर. शांत जागेवरनं कर," ती म्हणाली. मग माझ्या आधी आत गेली, झाडू मारला, गादी अंथरली, स्वच्छ चादर घातली. माठ भरून ठेवला. टेबलावर उदबत्ती वगैरे काही लावली नाही, मला वाटलं होतं लावेल. घरातला माणूस कामावरून यायचा असल्यावर जेवढं करतात तेवढंच केलं.

मशीन शेवटी काढली. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवलं, वर मी स्वतः हात ठेवून बघितलं, हलत नाही. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, आत येत नाही.

परत आलो तर किशोरीताई रिकाम्या खोलीत उभी. किल्ली घ्यायला आली होती. पाठ माझ्याकडं. तिचा तळहात भिंतीवर होता.

मी दारातून म्हणालो, "ताई, किल्ली."

तिनं वळून बघितलं नाही.

"हृतिक, मशीन बंद कर जरा. मला नीट ऐकू येत नाय."

मी म्हणालो, मशीन टेम्पोत आहे.

ती भिंतीच्या आणखी जवळ सरकली, कान लावला, आणि दुसऱ्या हातानं मला दार लोटून घ्यायची खूण केली. मी लोटून घेतलं. किल्ली पायरीवर ठेवली आहे.